बकरीची मिशी

वारलूला आता कशाचीच हौस उरली नव्हती, आणि नेमकी तेव्हाच त्याच्या मित्रांना सिनेमा काढायची हौस आली.

छप्पन साली राज्यांच्या हद्दी बदलल्या आणि चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. चांद्याला गुणवंतरावांचा फोटो स्टुडिओ होता. जंगलखात्यातला एक गोरा साहेब देश सोडून जाताना सिनेमाचा एक लहानसा कॅमेरा मागे टाकून गेला होता आणि तो फिरत फिरत गुणवंतरावांच्या हाती आला होता. जिल्हा मुंबईत गेल्याची बातमी आली, तेव्हापासून त्यांचं एकच टुमणं. "आता आपनबी मुंबईवालेच झालो. मंग सिनेमा काऊन नाई काढाचा?" ऐकणारे हसायचे आणि चहा पिऊन उठून जायचे. हसला नाही तो एकटा लटारू. गडचिरोलीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठच्या एका गावात त्याची बैलगाडी होती, थोडं धान होतं आणि वाटेल त्या वेडाला हो म्हणायची सवय होती. वारलू त्याच गावचा, लटारूचा लहानपणापासूनचा सोबती.

सिनेमा छोटाच होता, आणि मुका. नवरा कोळशाच्या खाणीत कामाला गेलेला आहे, बाई रानात मोहफुलं वेचते, रोज रस्त्याकडे बघते, आणि शेवटी एक दिवस तो येतो. एवढंच. नवऱ्याचं काम लटारू करणार होता. अडलं होतं ते बाईपाशी. गुणवंतरावांनी चांद्यात विचारून पाहिलं, तर एका घरातून त्यांच्या अंगावर पाणीच फेकलं गेलं. मग दोघं वारलूकडे आले.

आता वारलूकडेच का, ते सांगायला हवं. झाडीतल्या, म्हणजे या जंगलपट्टीतल्या गावांत धान कापून झालं की दंडार चालते, रात्र-रात्र गाणं, नाच आणि सोंगं. बाया त्यात उभ्या राहत नाहीत, लुगडं नेसून गडीच उभा राहतो. ऐन जवानीची सगळी वर्षं वारलूनं असं लुगडं नेसण्यात घालवली होती. त्याचा पदर सावरणं बघायला बाया लांबलांबच्या गावांहून गाड्या जुंपून यायच्या. त्याच्यासारखं लाजणं त्यांना स्वतःला जमत नाही, असं त्याच म्हणायच्या.

पण लुगडं नेसायचं तर मिशी उतरवावी लागते, आणि आपल्याकडे मिशी उतरते ती बाप गेल्यावर. नदीवर न्हावी बसतो, पोरगा त्याच्यापुढे मान खाली घालतो, आणि गाव समजायचं ते समजतं. वारलूचा बाप तर चांगला धडधाकट होता. सोमाजी त्याचं नाव, आणि जिभेनं असा तिखट की त्याच्या वाटेला कुणी जात नसे. पहिल्या वर्षी वारलू कोरं तोंड घेऊन घरात आला, तेव्हा सोमाजी बायकोला म्हणाला, "मनकर्णा, रडाले बस. मी मेलो."

सगळं घर हसलं. वारलूही हसला. रात्री त्यानं बापापुढे ताट ठेवलं, तर सोमाजीनं ते सरकवून दिलं. "मेलेल्या मानसाले कोनी जेवाले देते काय?" मिशी परत येईपर्यंत त्यानं पोराच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. मग दर हिवाळ्यात हेच. दंडार संपायची, मिशी फुटायची, मग बाप बोलायचा. हसणं पहिल्या वर्षीच संपलं होतं. सोमाजी पोराची दंडार पाहायला एकदाही गेला नाही.

पुढे मनकर्णा गेली. सोमाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, मग पाय गेले, आणि तो बाजेला लागला. त्या वर्षी वारलूनं दंडार सोडली. गुडघे दुखायला लागले होते हे खरं, पण त्यानं सोडली ती बापासाठी. मिशी ठेवली. पांढरी-काळी, झुपकेदार, बापाला हवी होती तशी आली. तेव्हापासून दोन्ही वेळा वारलू बाजेशी बसायचा, सोमाजी आधी हात पुढे करून त्याच्या ओठावरून बोट फिरवायचा, "आहे," म्हणायचा आणि तोंड उघडायचा. मग वारलू त्याला भात भरवायचा. दिवसभर शेतात मरमर मरून आलेल्या वारलूला हे दोन घडीचं भरवणं म्हणजे आयुष्याची कमाई वाटायची. एवढ्या वर्षांनी बापाला तो पोरगा म्हणून पटला होता.

आणि आता हे दोघे दारात उभे.

"नाई," वारलू म्हणाला. "माह्यानं आता नाई होत. थकलो बाप्पा मी."

"आठ दिवसांचं काम आहे," गुणवंतराव म्हणाले.

"दुसरा पाहा कोनी."

गुणवंतराव ओसरीवर टेकले. मग म्हणाले, "वारलू, तुही बाई ज्यायनं पाह्यली ते म्हातारे होऊन राह्यले. ते मेले की तुही बाई खतम. कोनाले सांगशीन, कोन मानन? हे मात्र राहते. आपन मेल्यावरबी राहते."

हे मात्र वारलूला लागलं. उजाडलं की दंडारीतली बाई विरून जायची, मांडवात नुसती पालथी पडलेली पोरं आणि विड्यांची थोटकं उरायची. तिचं काहीच राहिलं नव्हतं. आठच दिवस, त्यानं स्वतःला समजावलं. नंतर महिनाभरात मिशी येईल.

यात गंमत अशी की लटारूचा बाप नुकताच दसऱ्यात वारला होता. म्हणजे सिनेमातल्या नवऱ्याला मिशी नव्हती आणि बायकोला होती. लटारूनं काळ्या बकरीचे केस कापून, कापडाच्या चिंधीवर चिकटवून स्वतःसाठी मिशी तयार केली. बाभळीच्या डिंकानं ती ओठावर बसायची. वारलूनं विहिरीवर बसून आपली खरी मिशी उतरवली.

त्या रात्री सोमाजीचं बोट ओठावर आलं आणि तिथंच थांबलं. मग म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. "गुणा," त्यानं सुनेला हाक मारली, "भात तू दे. मी मेलो." शब्द जुनेच होते. पण या वेळी त्यात चेष्टा नव्हती.

आठ दिवसांचे महिने झाले. सिनेमा म्हणजे काय असतं हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक नाही त्याला वेळ फार लागतो. कॅमेऱ्याला घड्याळासारखी चावी द्यावी लागायची, आणि एक चावी पुरती दम घेण्याइतकीही चालत नसे. वारलूची पंचाईत अशी की दंडारीतला माणूस नमन केल्याशिवाय काम सुरू करत नाही. गुणवंतराव "चाल" म्हणाले की तो आधी चारी दिशांना हात जोडायचा, गणपतीला आळवायचा, धरणीला हात लावून कपाळी लावायचा आणि मग टोपलं उचलायचा. तोवर चावी संपलेली असायची. गुणवंतराव डोकं धरून खाली बसायचे. शेवटी वारलू घरूनच नमन करून निघायला लागला, पण नमनाशिवाय उभं राहताना त्याला उघडं पडल्यासारखं वाटायचं.

कधी ऊन नाही, कधी बैल लंगडा, कधी गुणवंतराव लग्नाचे फोटो काढायला गेलेले. कोरं रीळ मुंबईहून यायचं, भरलेलं धुवायला मुंबईला जायचं, आणि दोन्ही वेळा वाट पाहण्यातच दिवस जायचे. धुतलेलं रीळ परत आलं की गुणवंतराव ते उन्हात धरून बघायचे आणि म्हणायचे, "बाई झकास दिसून राह्यली." आणि काही दिवस सिनेमा नसला तरी तोंड कोरं ठेवणं भागच होतं, कारण आजची बाई आणि पुढच्या महिन्यातली बाई एकच दिसायला हवी होती. रोज सकाळी थंड पाण्यानं वारलू वस्तरा फिरवायचा. ओठावर पुरळ उठलं. रानात लुगडं नेसून तो मोहाच्या बुंध्याशी टेकून बसायचा, गुणवंतराव उन्हाची वाट बघायचे आणि वारलूला झोप यायची. आपण हे कशासाठी करतोय, हे तो विसरून गेला होता. नाही म्हणायचाही कंटाळा आला होता.

घरी मात्र सोमाजी वाळत चालला होता. सुनेच्या हातचे चार घास खायचा आणि मान फिरवायचा. एक दिवस गुणाबाईनं नवऱ्याला गोठ्यात गाठलं.

"मामाजी तुमच्या हातानं खातेत तेवढं माह्या हातानं नाई खात. हाडं लागून राह्यली माह्या हाताले. त्यायले तुमचा सिनेमा नाई समजत."

वारलू तसाच लटारूच्या घरी गेला आणि म्हणाला, "मी सोडलं. माहा बाप उपाशी मरून राह्यला."

लटारू अंगणात बसून बैलाच्या खुरात तेल घालत होता. त्यानं खूप वेळ विचार केला, आणि लटारूनं विचार केला की काहीतरी भलतंच निघतं, हे गावाला माहीत होतं. एव्हाना त्याची स्वतःची मिशी फुटली होती. तो उठला, कोनाड्यातून ती बकरीची मिशी काढली आणि वारलूच्या हातावर ठेवली. "बाले दिसत नाई ना? बोटच फिरवते ना तो? मंग?"

वारलूला राग यायला हवा होता. पण राग येण्याइतकंही अंगात त्राण नव्हतं.

दिवेलागणीला त्यानं डिंक लावून मिशी बसवली आणि भाताचं ताट घेऊन बाजेशी बसला. गुणाबाई चुलीकडे तोंड करून उभी राहिली. हजार माणसांपुढे पदर घेऊन उभं राहताना ज्याची छाती कधी धडधडली नव्हती, त्याला एका आंधळ्या म्हाताऱ्यापुढे घाम फुटला. जन्मभर त्यानं परक्या बाईची सोंगं घेतली, आता बापापुढे स्वतःचंच सोंग घ्यायची पाळी आली होती.

"बा, मिशी आली," तो म्हणाला.

सोमाजीचा हात वर आला. बोट एका टोकापासून निघालं, सावकाश दुसऱ्या टोकाला गेलं, परत मधे आलं आणि नाकाखाली थांबलं. वारलूनं श्वास धरून ठेवला.

"आहे," म्हातारा म्हणाला आणि त्यानं तोंड उघडलं.

त्या रात्री त्यानं ताट पुसून खाल्लं. पुढे रोज तसंच. सकाळी वस्तरा, दिवसा लुगडं, सांजेला बकरी. म्हाताऱ्याच्या गालावर पुन्हा जरा मांस दिसायला लागलं. गुणाबाईला हायसं वाटलं. वारलूला मात्र स्वतःची किळस यायची. प्रत्येक घासागणिक आपण बापाला फसवतोय, हे त्याला टोचायचं, आणि तरी दुसऱ्या दिवशी तो डिंक भिजत घालायचाच.

मोह फुलायला लागला तसा सिनेमाचा शेवट आला. बाई फुलं वेचते आहे, पाऊल वाजतं, ती मान वर करते आणि नवरा दिसतो. पडद्यावर बाकी काही नाही, नुसता तिचा चेहरा. पदराआडून चालणार नव्हतं, कारण तिनं हसायचं होतं. त्या सकाळी खाली पिवळट फुलांचा सडा पडला होता आणि गोड उग्र वास सुटला होता. गुणवंतरावांनी चावी भरली. वारलूनं मान वर केली. समोर लटारू उभा होता, पण वारलूला तो दिसलाच नाही. तो इतका थकला होता की हसू त्याला ओढून आणावं लागलं नाही, आपोआप आलं, वाट बघून बघून थकलेल्या माणसाला येतं तसं. चावी संपली. गुणवंतराव बराच वेळ कॅमेऱ्यामागून हललेच नाहीत. मग डोळे पुसत म्हणाले, "झालं. सुटला तू."

वारलूनं लुगडं धुऊन घडी घालून ठेवलं आणि मिशी वाढायला सोडली. कोवळ्या खुंटांवर बकरी चिकटवायची आणि काढायची म्हणजे डोळ्यांत पाणी यायचं. चैत्राची पौर्णिमा झाली, तेव्हा त्याला वाटलं, आता चालेल. एका दुपारी बकरी न लावताच तो बापाशी बसला.

बोट ओठावरून फिरलं.

"टोचून राह्यलं," सोमाजी म्हणाला. "बकरीची मऊ होती."

वारलूच्या हातातला घास ताटात पडला.

"बा, तुले ठाऊक होतं?"

"डोये गेले माहे. नाक आहे ना?"

"मंग खाल्लं काऊन?"

"पोरगा अंगाले बकरीचा वास मारत रोज समोर येऊन बसते. किती दिवस नाई म्हनू? भूकबी लागे." आणि मग, खालच्या आवाजात, "श्वास धरून बसे तू, माहं बोट फिरेपर्यंत."

वारलूनं पडलेला घास उचलून बापाच्या तोंडात दिला. लाज वाटली, हलकंही वाटलं. तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. गुणवंतराव आणि लटारू उतरले. गुणवंतरावांचा चेहरा पार उतरलेला होता आणि लटारूची मान छातीला लागली होती. वारलू ओसरीत गेला.

झालं होतं असं. गुणवंतरावांना रानातूनच पुढे लग्नाचे फोटो काढायला जायचं होतं, म्हणून शेवटच्या चेहऱ्याचं रीळ डब्यात बंद करून त्यांनी ते लटारूकडे ठेवलं होतं. महाकालीच्या जत्रेला तो चांद्याला येणारच होता, तेव्हा घेऊन येईल आणि मग डबा मुंबईला जाईल, असं ठरलं होतं. लटारूनं डबा पोटच्या पोरासारखा सांभाळला. वाटेत उन्हात ठेवला नाही, हातातून खाली सोडला नाही. फक्त देवीपुढे गेल्यावर त्याला वाटलं, एवढ्या मेहनतीचं काम आहे, देवीच्या नजरेखालून जाऊ द्यावं. त्यानं डब्याला कुंकू लावलं. मग वाटलं, बंद डब्यातलं देवीला काय दिसणार? म्हणून त्यानं झाकण उघडलं, वरचा काळा कागद सोडला, रिळावर कुंकवाचं बोट लावलं, भक्तिभावानं हात जोडले, आणि सगळं पहिल्यासारखं बंद करून गुणवंतरावांना नेऊन दिलं. वर कौतुकानं सांगितलंही.

"उजेड लागला," गुणवंतराव म्हणाले. "सारं गेलं त्यातलं. बाकीची रिळं धुऊन आली, चांगली आहेत. तुहं तोंड तेवढं गेलं."

लटारू दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागला. वारलूनंच त्याचे हात धरले. त्याच्यावर रागवावं असं काही त्यानं केलं नव्हतं. वेडेपणा केला होता, पण जीव लावून केला होता.

"मोहाचा फुलोरा आता दोन-तीन दिवस टिकन," गुणवंतराव दुसरीकडे बघत म्हणाले. "एक कोरं रीळ उरलं आहे. उद्या सकाळी जमलं तं जमलं. नाई तं..."

"नाई," वारलू म्हणाला. "भाऊ, आता नाई. आत्ताच कुठी माहा बाप माह्या हातचं खाऊन राह्यला. खरं खाऊन राह्यला. राहू द्या तुमचा सिनेमा बिनतोंडाचा."

गुणवंतरावांनी नुसती मान हलवली. नाही म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा बघूनच त्यांना उत्तर पटलं होतं. ते गाडीकडे वळले.

"वारलू," आतून हाक आली. "इकडं ये."

तो आत गेला. सोमाजी कोपरावर टेकून उठू बघत होता. गुणाबाईनं त्याला पाठीमागून आधार दिला.

"त्या सिनेमात शेवटाले तुहं तोंड दिसते?"

"हो."

"आपन मेल्यावरबी दिसते म्हनते तो चांदेवाला?"

"हो, बा."

म्हाताऱ्याचे पांढरे डोळे छताकडे लागले होते. "मी तुहं काम कदी पाह्यलं नाई," तो म्हणाला. "पाह्याचं होतं तवा राग होता. आता राग नाई, तं डोये नाईत. तुही माय चोरून जाऊन पाहे अन् येऊन मले सांगे. मी कानावर हात ठेवो." त्याला दम लागला. गुणाबाईनं पाणी पुढे केलं, त्यानं ते नको म्हणून सारलं. "वस्तरा आन."

"बा, राहू दे. मी नाई म्हनलं त्यायले."

"आन म्हनतो ना! मेल्यावर तं सारेच मिशी काढतेत. तू मी जित्ता असताना काढ. मी सांगून राह्यलो म्हनून काढ."

हा शब्द ऐकण्यासाठी वारलू जवानीभर थांबला होता. दर हिवाळ्यात कोरं तोंड घेऊन दारात यायचा तेव्हा प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, आज बाप म्हणेल. आणि तो म्हणाला तो आता, गाल बसल्यावर, एका चेहऱ्यापुरतं काम उरल्यावर. वारलू उभ्या उभ्या रडला. मग कोनाड्यातला वस्तरा घेतला, वाटीत पाणी घेतलं आणि बाजेशी बसून, बापाच्या देखत म्हणावं तर ते डोळे नव्हते, पण बापाच्या ऐकण्यात, ओठावरून वस्तरा फिरवला. दारात गुणवंतराव आणि लटारू उभे होते.

वस्तरा खाली ठेवल्याचा आवाज आला, तसा सोमाजीचा हात पुढे झाला. बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. ओठ गुळगुळीत होता आणि ओला होता. बोट मधेच थांबलं. गुणाबाईनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

सोमाजीनं हात खाली घेतला आणि तोंड उघडलं.

ताटातला भात निवला होता. वारलूनं त्याचा घास केला.